सरांच्या चुका परत करा

अन्याय झाला तो आमच्या जीवशास्त्राच्या सरांवर. गेल्या वर्षी, शिमग्याच्या आदल्या सोमवारी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, लाल पेनाने. त्या पेनाने सरांच्या लेखातल्या तक्त्यातली सहा अक्षरं 'दुरुस्त' झाली आणि दुरुस्त झालेला तक्ता सरांच्याच नावाने वार्षिक अंकात छापून आला.

सहा अक्षरांसाठी कसलं पत्रक काढतेस, असं मला तिघाचौघांनी विचारलं. मी खड्ड्यांवर पत्रकं काढली, देवबागची वाळू समुद्र खातो त्यावर काढली, एसटीच्या बंद झालेल्या फेरीवर काढली. तेव्हा कोणी विचारलं नाही. म्हणून आधी सर कोण ते सांगते, मग सहा अक्षरांचं सांगते, आणि मग तुमच्याकडून काय हवंय तेही सांगणार आहे. फुकट वाचून जाऊ देणार नाही.

सर म्हणजे गळ्यात भिंग. कॉलेजने सगळ्यांना ओळखपत्रासाठी निळी दोरी दिली, सरांनी ओळखपत्र काढून तिला भिंग अडकवलं. स्कूटर चालवताना ते भिंग पाठीवर टाकलेलं असे आणि बागेभोवतीच्या चिऱ्यांच्या गडग्यावर कुठे दगडफूल दिसलं की स्कूटर तिथेच आडवी. दगडफूल म्हणजे तेच, भिंतीवर, माडाच्या खोडावर करडे-हिरवे चट्टे धरतं ते. त्याचं एक भावंड आपण मसाल्यात घालतो. सर उकिडवे बसून ते पातळ पात्याने खरवडत आणि कागदाच्या पुडीत बांधत. धामापूरला तळ्याच्या वाटेवर एक बाई गडग्याच्या आतून बराच वेळ हे बघत उभी होती. मी सरांबरोबर होते.

"काय ओ मास्तर," ती शेवटी म्हणाली, "मसाल्याक दगडफूल व्हया तर माझ्याकडसून न्हेवा. गडग्याचा कशाक खरवडतास?"

"ह्या मसाल्याचा नाय गो वयनी. ह्येच्या आत एक कातर आसा. ती स्वतःकच कापता."

"मगे असली कातर घेवन काय करतास? तिका कापड कापूक येणा नाय."

सर इतके खूश झाले की तिला पुडीतलं दगडफूल भिंगातून दाखवत बसले. तिने बघितलं, "बरा आसा," म्हणाली आणि आम्हाला दोन शहाळी दिली.

सर खूश असले की मालवणीत बोलत आणि रागावले की प्रमाण मराठीत. त्यामुळे "आपण कृपया" असे शब्द कानावर आले की आमचा अख्खा वर्ग मान खाली घालून काहीतरी लिहायला लागे.

आता ती कातर. पेशीत कापायची-जोडायची कामं प्रथिनं करतात, असं आम्ही बारावीपर्यंत पाठ केलं होतं. सरांनी पहिल्याच तासाला ते मोडीत काढलं. काही आरएनए स्वतःच हत्यार असतात. लांब धाग्यातला मधला तुकडा स्वतःला कापून बाहेर पडतो आणि जाता जाता मागे राहिलेली दोन टोकं जोडूनही देतो. कापड तेच, कातर तीच आणि शिंपीही तोच. पण हे जमायला त्या तुकड्याची घडी बरोबर पडावी लागते. धाग्यावर चार अक्षरं असतात. सर ती मराठीतच लिहीत: अ‍ॅडेनिनचा अ, युरॅसिलचा उ, ग्वानिनचा ग, सायटोसिनचा स. अ समोर उ आला, ग समोर स आला की ते चिकटतात आणि घडी धरते.

हे शिकवायला सरांकडे जाळी विणायची नायलॉनची दोरी होती आणि कपड्यांचे चिमटे. तांबडा चिमटा अ, निळा उ, हिरवा ग, पिवळा स. दोरी फळ्यापासून खिडकीपर्यंत जाई. हे चिमटे यायचे घरून. एकदा काकी, म्हणजे सरांच्या मिसेस, थेट वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"ह्येंचा आरएनए हयसर वाळता," त्या आम्हाला म्हणाल्या, "आणि माझी साडी शेजाऱ्याच्या फणसार गेली." मग दोरीवरचे सगळे तांबडे चिमटे काढून घेऊन गेल्या. सरांनी उरलेल्या तासात आम्हाला अ नसलेला आरएनए कसा कोलमडतो ते दाखवलं.

पण खरा प्रश्न असा की हा धागा डोळ्यांना दिसत नाही, मग त्याची घडी कळणार कशी? सरांचं उत्तर होतं, नातेवाइकांना विचारा. एकाच गोतातल्या दगडफुलांमधला हाच तुकडा गावोगावचा मिळवायचा, अक्षरं एकाखाली एक मांडायची आणि काय कशाबरोबर बदलतं ते बघायचं. एका ठिकाणी ग चा अ झाला आणि त्याच ओळीत, लांब कुठेतरी, स चा उ झाला, तर समजायचं की घडीत हे दोघे समोरासमोर आहेत. एक बदलला तेव्हा दुसऱ्याने सांभाळून घेतलं, म्हणून जोडी टिकली, म्हणून कातर चालली. पुस्तकात या प्रकाराला भलामोठा शब्द आहे. सर 'वांगडी' म्हणत. वांगडी म्हणजे आमच्याकडे सोबती, बरोबरीने जाणारा.

आम्हाला काही केल्या हे उमजेना. तेव्हा सरांनी माशाच्या कढीचा तक्ता काढला. गावोगावच्या घरांतून कढी कशी करतात ते विचारून त्यांनी ओळी मांडल्या होत्या. तक्ता करायचा तर जेवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावर त्यांच्याशी कोणी वाद घातला नाही.

"बघा," सर म्हणाले. "खोबरा सगळ्या घरात. मीठ सगळ्या घरात. मगे मिठाचो वांगडी कोण?"

सरांनी मिठाच्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"कळणा नाय. मीठ बदलताच नाय तर कळतला कसा? आता हयसर बघा. बांगडो असलो की तिरफळ आसा. बांगडो गेलो, सुरमई इली, तिरफळ गेला. बांगडो परत इलो, तिरफळ परत इला. कढीत बांगडो खंय पडता आणि तिरफळ खंय पडता, मधी किती वस्तू. पण दोघे वांगडी."

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सर, मीठ महत्त्वाचं नाही का?"

"महत्त्वाचा गो. मीठ नाय घातला तर तू जेवशीत काय? पण महत्त्वाचा असणा येगळा आणि कोणाचो हात धरून आसा ता सांगणा येगळा."

त्या तक्त्यात नांदगावच्या एका घराने सरांची झोप उडवली होती. तिथे सुरमईच्या कढीत तिरफळ होतं. सगळा सिद्धांत आडवा. सर पुन्हा नांदगावला गेले आणि त्या घरच्या काकूंना सरळ विचारलं, सुरमईत तिरफळ कशाक? काकू लाजल्या. "खरा सांगू मास्तर? आमच्याकडे रोजचो बांगडोच. तुमी येतलास म्हणान मी सुरमई हाडलंय. पण हात बांगड्याचोच." सर ही गोष्ट सांगताना टेबलावर थाप मारत. त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत यापेक्षा चांगला पुरावा सापडला नव्हता.

चिमट्यांनंतर आणि कढीनंतर गाऱ्हाणं आलं. गाऱ्हाणं म्हणजे देवळात गावाच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. एक जण मोठ्याने म्हणतो आणि सगळे गाववाले प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. अक्षरांच्या लांबलचक ओळी वाचून मुलं पेंगतात हे बघून सरांनी तक्ता गाऱ्हाण्याच्या चालीत वाचायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, देवबागच्या ओळीत हयसर ग गेलो आणि स इलो..."

"व्हय म्हाराजा," आम्ही.

"आणि थंय लांब, स गेलो आणि ग इलो..."

"व्हय म्हाराजा."

"तर हे दोघे वांगडी आसत म्हणान मी सांगतंय ता खरा..."

"व्हय म्हाराजा."

जोडी जुळत नसेल तर गप्प राहायचं, हा नियम. तोही आम्ही पाळत असू, आणि तेव्हा वर्गात जी शांतता पसरे तिच्यात सर खरोखर खजील होऊन पुढच्या रकान्याकडे वळत. एकदा नेमक्या जोरदार "व्हय म्हाराजा"ला प्राचार्य दारात आले.

"सर, हा कोणता विधी चाललाय?"

"पुरावा तपासतोय, सर," सर म्हणाले, आणि भिंग पुढे केलं. प्राचार्यांनी ते घेतलं नाही.

माझ्या पत्रकांबद्दल सरांचं मत वेगळं सांगायला नको, तरी सांगते. मी त्यांना प्रत्येक पत्रक नेऊन देई. ते भिंगाखाली धरून वाचत. एकदा त्यांनी माझी चार पत्रकं एकाखाली एक ठेवली. "गो चेडवा, 'जाहीर निषेध' चारीत आसा. 'झोपलेले प्रशासन' चारीत आसा. ह्या मीठ झाला. रस्त्याच्या पत्रकात काय आसा जा एसटीच्या पत्रकात नाय, ता माका दाखव." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पत्रक पुन्हा लिहून नेलं, आणि त्या वेळी एसटीची फेरी चालू झाली. हा माझ्या लेखणीचा पराक्रम असं मी म्हणत नाही. पण झाली.

तर अशा या माणसाने निवृत्तीच्या वर्षी वार्षिक अंकात लेख दिला. नऊ गावांची नऊ दगडफुलं, त्यांच्या आरएनएच्या नऊ ओळी. अक्षरं वाचून पाठवली होती सरांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, ती आता प्रयोगशाळेत काम करते. त्या तुकड्याच्या घडीतल्या बहुतेक जोड्या जगाला माहीत आहेत. एक जोडी मात्र सरांनी स्वतः शोधली होती: सुरुवातीजवळचं एक अक्षर आणि शेवटाजवळचं एक. लेखासाठी त्यांनी तक्ता छोटा केला, सगळीकडे सारखी असलेली थोडी अक्षरं ठेवली आणि मधे हे दोन बदलणारे रकाने. दोन्हींच्या डोक्यावर चांदणी काढली. खाली एकच वाक्य लिहिलं: 'चांदणीखालचे दोन रकाने नीट पाहा, म्हणजे सांगण्याची गरज उरणार नाही.' सरांची ही खोडच होती, ते दाखवत, सांगत नसत.

अंकाचं मुद्रितशोधन आमच्या मराठीच्या बाईंकडे होतं. बाई वाईट नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण पत्रकात एक वाईट माणूस असला की लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं, आणि इथे ते सोपं नाही. बाईंनी आमच्या निबंधांतून कितीतरी 'माका' आणि 'तुका' खोडून तिथे 'मला' आणि 'तुला' घातले. त्यांच्या हाताखालून ऱ्हस्वाचा दीर्घ कधी निसटला नाही. त्यांनी तक्ता बघितला. नऊ ओळी. पहिल्या चांदणीखाली सहा ओळींत ग, तीन ओळींत भलतंच. दुसऱ्या चांदणीखाली सहा ओळींत स, तीन ओळींत पुन्हा भलतंच. टाइप करणाऱ्याचा निष्काळजीपणा. लाल पेन उघडलं आणि सहा अक्षरं सरळ केली.

अंकाचं प्रकाशन झालं तेव्हा मी सरांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. सरांनी आपलं पान काढलं, भिंग लावलं आणि हळू आवाजात, चालीत, वाचायला लागले. देवबागची ओळ वाचली. थांबले. धामापूरची वाचली. मग नांदगावची. मी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणायला तोंड उघडलं होतं, पण व्हय म्हणावं अशी जोडी आलीच नाही. नऊच्या नऊ ओळी एकसारख्या. नुसतं मीठ.

तेवढ्यात बाई आल्या, प्रसन्न चेहऱ्याने. "सर, तुमच्या तक्त्यात सहा मुद्रणदोष होते हं. मी सगळे काढले. आता चहा पाजा."

"बाई," सर म्हणाले, आणि मी ओळखलं, कारण ते प्रमाण मराठीत बोलत होते, "आपण माझा सगळा पुरावा काढलात."

चहा त्यांनी पाजला. चहा पिता पिता बाईंना बांगडा आणि तिरफळ समजावून सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे त्या चुका नव्हत्या," त्या म्हणाल्या. मग अंक जवळ ओढून म्हणाल्या, "आणि मी त्या इतक्या काळजीने काढल्या."

यानंतर साधी गोष्ट उरली होती, अंकाचं शुद्धिपत्र काढायचं. आम्ही तिघं, सर, बाई आणि मी, प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्यांनी अंक उघडला, तक्ता बघितला, पुन्हा बघितला.

"यात चूक कुठे आहे?"

"चूक नाही, हीच चूक आहे," मी म्हटलं.

"आपण थांबा. बाई, शुद्धिपत्र कधी काढतात? अशुद्ध छापलं गेलं तर. इथे नऊ ओळी अगदी एकसारख्या, सुबक आहेत. तुम्ही मला त्यात सहा ठिकाणी वेगळं छापायला सांगताय. आणि तपासणी समितीने आत्ताच शेरा दिलाय, 'अंक निर्दोष.' समितीनंतर मी त्यात दोष घालू?"

बाई म्हणाल्या, "दोष माझा आहे, मी लेखी देते."

"मुळीच नको. निर्दोष अंकातल्या दोषाची जबाबदारी तुम्ही कशी घेणार?"

मी पत्रकं काढते, मला सरकारी उत्तरांची सवय आहे. पण असं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं, ज्यात उत्तर देणाऱ्याचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं.

इथवर हसण्यासारखं होतं, आणि आम्ही हसलोही. पुढचं ऐका. सरांनी अंक छापून आल्याच्या आनंदात, प्रकाशनाआधीच, आत न बघता, पहिली प्रत एका संशोधकांना पाठवून दिली होती. त्यांच्या प्रयोगशाळेत सरांची जोडी तपासता येते. पहिलं अक्षर बदलायचं, कातर बंद पडते का बघायचं. मग दुसरंही त्याला जुळेल असं बदलायचं, कातर पुन्हा चालते का बघायचं. चालली तर सर बरोबर. संशोधकांचं उत्तर आलं: दोन्ही रकाने सगळ्या ओळींत सारखेच आहेत, यात जोडीचा पुरावा दिसत नाही. सरांनी मूळ तक्ता पाठवला, विद्यार्थिनीने पाठवलेल्या फाइलीही पाठवल्या. त्यावर उत्तर आलं, तेही सभ्य भाषेत. फाइलींवर शंका नाही, पण आक्षेप घेतल्यावर सहा अक्षरं बदलतात आणि ती नेमकी हवी तशीच बदलतात, हे आमच्या सहकाऱ्यांना समजावणं अवघड आहे. छापील अंकाचं शुद्धिपत्र आणा, येत्या सत्रात एखाद्या विद्यार्थ्याला हे काम देऊ.

सर ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. त्या दिवशी ते रागावलेले नव्हते आणि खूशही नव्हते, तरी मालवणीतच बोलले.

"माझी जोडी चुकली म्हणूंदे. तपासूंदे आणि चुकली म्हणूंदे, माका चलात. पण माणसान मागाहून अक्षरा घातल्यान म्हणतत. चुकलेलो येगळो आणि खोटो येगळो गो."

मग त्यांनी माझ्या आईला विचारलं, आज कसली कढी. आई म्हणाली पेडव्याची, म्हणजे बांगड्यासारख्याच तेलकट छोट्या माशाची. "तिरफळ घातलंस?" "घातलंय." सर जेवायला बसले. काही झालं तरी त्यांचं जेवण अडत नाही.

त्या रात्री मी मागणीचा कागद लिहिला. पहिली सही बाईंची आहे, हिरव्या पेनाने. लाल पेन त्यांनी बंद करून ठेवलंय असं त्या म्हणतात, माझा विश्वास नाही. दुसरी सही काकींची. तिसरी त्या सुरमईवाल्या नांदगावच्या काकूंची. प्राचार्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, सह्या करणाऱ्यांपैकी अंक किती जणांनी वाचलाय?

प्रश्न बरोबर आहे. म्हणून हे पत्रक तुमच्या हातात दिलंय. वार्षिक अंक कॉलेजने गावोगाव घरोघरी वाटला. तुमच्या मुलीने, पुतण्याने, कोणीतरी आणलेला तो घरात कुठेतरी पडलेला आहे. तो काढा. सरांचा लेख उघडा, तक्ता शोधा. पेन घ्या. धामापूरच्या ओळीत पहिल्या चांदणीखालचा ग खोडून अ लिहा, दुसऱ्या चांदणीखालचा स खोडून उ. देवबागच्या ओळीत ग च्या जागी स लिहा, आणि स च्या जागी ग. नांदगावच्या ओळीत ग च्या जागी उ, स च्या जागी अ. आता दोन्ही रकाने वरून खाली एकदा वाचा, मोठ्याने, आणि तुमच्या डोळ्यांना दिसलं ते खरं आहे याची खात्री झाली तरच पानाखाली सही करा. मग तो अंक घेऊन कॉलेजच्या कार्यालयात जा, खिडकीवर ठेवा आणि शुद्धिपत्र मागा. सत्र सुरू व्हायच्या आत जा.

आणि सहा अक्षरं लिहून झाली की पेन बंद करा. सातवं काही सुधारू नका.